कृष्णेतल्या मगरीचे हृदय

हिवाळ्यात कृष्णेचे पाणी उतरू लागले, की भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यातल्या मळीच्या काठांवर मगरी उन्हाला येऊन पडतात. जबडा उघडा टाकून तासन्‌तास निश्चल पडलेली मगर माणसाची चाहूल लागताच पोट घासत पाण्यात शिरते आणि दिसेनाशी होते. नदीवर मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला आणि घाटावर धुणे घेऊन जाणाऱ्या बाईला या प्राण्याचे भय आहे आणि ते खरे आहे. या काठाने माणसेही गमावली आहेत आणि जनावरेही. ते भय कमी लेखून मगरीचे कौतुक करावे, असे मला वाटत नाही. तरीही तिच्या शरीरातला एक अवयव असा आहे, की तो समजून घेतला नाही, तर आपल्याच छातीत काय चालले आहे, हे आपल्याला अर्धेच कळते.

पाण्यात शिरलेली मगर बराच वेळ, प्रसंगी तासाहून अधिक काळ, श्वास न घेता राहू शकते. या काळात फुप्फुसांत नवी हवा येत नाही. हृदय मात्र, ठोके मंदावले तरी, चालूच असते. ज्या फुप्फुसांतून मिळण्याजोगे फारसे काही उरलेले नाही, तिकडे रक्त पाठवत राहायचे, की ते दुसरीकडे वळवायचे, हा प्रश्न तिच्या शरीरापुढे दर बुडीला उभा राहतो, आणि त्याचे उत्तर तिच्या हृदयाच्या रचनेत आहे. पृष्ठवंशीय प्राण्यांत याहून विलक्षण हृदय दुसरे नसावे, असे माझे मत आहे.

मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. रक्ताभिसरणाच्या पाठात मगरीचा उल्लेख आला, त्या दिवशी तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, माझ्या धाकट्या भावाच्या हृदयाला छिद्र होतं. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना ते सापडलं, मग ऑपरेशन झालं. मगरीला छिद्र असून चालतं, मग त्याला का नाही चाललं?” इतक्या नेमक्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन तिला वाटेला लावणे योग्य नव्हते. तिला नंतर जे सविस्तर सांगितले, तेच इथे लिहीत आहे.

पाठ्यपुस्तकांत हृदये चढत्या भाजणीने मांडलेली असतात. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाच्या हृदयाला तीन, सरडे आणि साप यांच्यात तीन पूर्ण आणि चौथ्याची अर्धवट सुरुवात, आणि शेवटी पक्षी व सस्तन प्राण्यांत चार. आकडे बरोबर आहेत. त्यांतून वाचणाऱ्याच्या मनात जो अर्थ उतरतो, तो मला मान्य नाही. तो अर्थ असा, की निसर्ग चार कप्प्यांच्या हृदयाकडे निघाला होता, वाटेत बेडूक आणि घोरपड अपुरी राहिली आणि आपण मुक्कामाला पोहोचलो. ज्या प्राण्यांनी कोट्यवधी वर्षे त्याच हृदयावर संसार केला, त्यांना अपुरे म्हणण्याआधी ते हृदय काय काम करते, हे पाहायला हवे.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही बोकडाचे हृदय पाहतो. मटणाच्या दुकानातून सकाळी आणलेले हृदय धुऊन ट्रेमध्ये ठेवले, की मुलांना पहिल्यांदा त्याचा घट्टपणा जाणवतो. उभा छेद घेतल्यावर दोन्ही बाजूंमधला फरक बोटांनाच कळतो. उजव्या निलयाची, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची, भिंत दाबली तर दबते. डाव्या निलयाची भिंत तिच्या दुप्पट-तिप्पट जाड असते आणि बोटाखाली हलत नाही. अलिंद, म्हणजे रक्त आत घेणारा वरचा कप्पा, आणि निलय यांच्यामधल्या झडपा पातळ असतात, पण त्यांच्या कडांना पांढऱ्या, चिवट दोऱ्या असतात, आणि त्या निलयाच्या भिंतीवरच्या स्नायूंच्या उंचवट्यांत रोवलेल्या असतात. निलय आकुंचन पावते तेव्हा झडप उलटी वर फिरू नये, म्हणून या दोऱ्या तिला धरून ठेवतात. चिमट्याने एक दोरी ओढून पाहिली, की ती किती ताण सोसते, हे मुलांना सांगावे लागत नाही.

दोन्ही निलयांतून दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त जवळजवळ सारखेच असते. मग एक भिंत जाड आणि एक पातळ का? कारण दोघांना रक्त ज्या दाबाने ढकलायचे आहे, तो सारखा नाही. निरोगी माणसात डाव्या निलयातून निघणाऱ्या रक्ताचा वरचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर असतो. उजव्या निलयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा जेमतेम २५. फुप्फुसांत हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ आहे, की तिथे डाव्या निलयाइतका दाब पोहोचला, तर केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांतून द्रव पाझरून फुप्फुसांत साचेल. उलट मेंदू, मूत्रपिंडे आणि धावणारे स्नायू यांना कमी दाबाचे रक्त पुरत नाही. एकाच हृदयातून एकाच वेळी दोन दाब काढायचे, तर मधली भिंत पूर्ण असणे आवश्यक आहे. चार कप्प्यांचे खरे कारण हे आहे. शुद्ध आणि अशुद्ध रक्त वेगळे ठेवणे हा त्याचाच दुसरा लाभ.

त्याच हृदयात उजव्या अलिंदाच्या आतल्या बाजूला, दोन अलिंदांमधल्या भिंतीवर, एक अंडाकृती खळगा असतो. हृदय खिडकीकडे धरले, तर तेवढ्या भागातून उजेड झिरपतो, इतकी तिथली भिंत पातळ असते. हा खळगा मी मुलांना मुद्दाम दाखवते. त्याचा खुलासा पुढे येईल. खरसुंडीच्या जत्रेत मिरवणाऱ्या खिलार बैलाच्या हृदयात तर महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून शरीराकडे निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या, मुळाशी चक्क हाड असते. गुरांच्या हृदयात झडपांना आधार देणाऱ्या तंतुमय कड्यात ते तयार होते. ज्यांच्या दावणीला पिढ्यान्‌पिढ्या बैल आहेत, अशा घरांतल्या मुलांनाही हे ऐकून नवल वाटते.

आता मासा. त्याच्या हृदयात एक अलिंद आणि एक निलय, आणि बहुतेक माशांत त्यांतून वाहणारे सगळे रक्त शरीराला ऑक्सिजन देऊन आलेले, थकलेले. ते हृदयातून निघून आधी कल्ल्यांत जाते आणि तिथून परत हृदयाकडे न येता थेट शरीरभर पसरते. कल्ल्यांतल्या केशवाहिन्यांतून जाताना त्याचा दाब बराच कमी होतो, आणि उरलेल्या दाबावर माशाचा सारा कारभार चालतो. पाण्यात शरीराचे वजन पेलायचे नाही, शरीर गरम ठेवायचे नाही, तेव्हा तो पुरतो. रोहू आणि कटला यांना या हृदयात काही उणे नाही.

बेडकाविषयी मात्र थांबून लिहायला हवे, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय झाला आहे. एके काळी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बेडकांचे विच्छेदन सर्रास होत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून विच्छेदन काढून टाकण्याचे निर्देश दिले आणि ते थांबले, हे उत्तम झाले. ज्यांनी तेव्हा बेडकाची छाती उघडून पाहिली, त्यांच्या मनात त्याचे हृदय शरीराबाहेर काढल्यावरही धडधडत राहते, एवढी एकच गोष्ट राहिली. ती खरी आहे आणि महत्त्वाचीही आहे. पृष्ठवंशीयांच्या हृदयाला ठोक्याची आज्ञा मेंदूकडून लागत नाही, ती हृदयाच्याच स्नायूत उमटते. आपल्या ओढ्यातल्या खेकड्याचे तसे नाही. त्याच्या हृदयावर बसलेला मज्जापेशींचा छोटा पुंजका ठोका ठरवतो, तो काढला तर हृदय थांबते.

बेडकाच्या हृदयात दोन अलिंदे आणि एकच निलय असते. उजव्या अलिंदातून शरीराकडून आलेले रक्त येते, डाव्यातून फुप्फुसांकडून आलेले, आणि दोन्ही एकाच निलयात उतरतात. म्हणून रक्ताची भेसळ होते, असे सांगून बहुतेक ठिकाणी विषय संपवतात. प्रत्यक्षात निलयाच्या आतल्या स्नायूंच्या घड्या आणि बाहेर पडणाऱ्या वाहिनीतली नागमोडी झडप यांच्यामुळे हे दोन प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे राहतात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो. त्वचेतून ऑक्सिजन घेतलेले रक्त शरीराच्या इतर रक्ताबरोबर उजव्या अलिंदात येते. आटपाडी, जत, माणदेशाकडे उन्हाळ्यात जमिनीत खोल शिरून वळवाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या बेडकाची फुप्फुसे जवळजवळ बंद असतात आणि तो त्वचेवर जगत असतो. अशा वेळी त्याच्या निलयात आपल्यासारखी भिंत असती, तर त्वचेने मिळवलेला ऑक्सिजन आधी निकामी फुप्फुसांची वारी करून मगच शरीराला मिळाला असता. भिंत नाही, म्हणून ते रक्त सरळ कामाला लागते. ज्याला आपण भेसळ म्हणतो, ती बेडकाची सोय आहे.

माणसाच्या रक्ताभिसरणाचा शोधही बेडकावाचून पुरा झाला नाही. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरून परत हृदयाकडे येते, हे मांडले. त्यासाठी त्यांनी साप, मासे, कोंबडीच्या अंड्यातले पिल्लू आणि ज्याच्या अंगातून आतले हृदय दिसते, अशी पारदर्शक कोळंबीही तपासली. पण हृदयाकडून निघणाऱ्या रोहिण्यांतले रक्त हृदयाकडे परतणाऱ्या नीलांत जाते कुठून, ही कडी त्यांना दिसली नव्हती. ती मार्चेल्लो माल्पिगी यांना १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, आणि दिसली ती बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत.

पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांची हृदये हा वेगळाच मोठा विषय आहे आणि तो इथे पुरा होणार नाही. उसाच्या फडातल्या गांडुळात एक हृदय नसून आकुंचन पावणाऱ्या वाहिन्यांच्या अनेक जोड्या असतात. झुरळाच्या पाठीखाली तेरा कप्प्यांची नळी असते, पण तिच्यातला द्रव ऑक्सिजन वाहून नेत नाही; ते काम श्वासनलिका परस्पर करतात, म्हणून झुरळाचे रक्त लाल नसते. समुद्रातल्या माखलीला तीन हृदये असतात, दोन कल्ल्यांसाठी आणि एक शरीरासाठी. कप्प्यांच्या संख्येवरून श्रेष्ठत्व ठरत असते, तर झुरळ आपल्या कितीतरी पुढे गेले असते.

साप, सरडे, घोरपड आणि कासव यांच्या निलयात अपुरी भिंत असते. घोरपडीत ही भिंत अपुरी असूनही आकुंचनाच्या वेळी स्नायूंच्या कडा एकमेकींवर अशा दाबल्या जातात, की फुप्फुसांकडचा आणि शरीराकडचा दाब वेगळा राहतो, आणि हा प्राणी इतर सरड्यांपेक्षा जास्त दमाचा असतो. सापांमध्ये हृदयाची जागाही राहणीप्रमाणे बदलते. झाडावर चढणाऱ्या सापांचे हृदय डोक्याच्या जवळ असते, कारण अंग उभे असताना मेंदूपर्यंत रक्त चढवायचे असते. कायम पाण्यात राहणाऱ्या सापांचे हृदय शरीराच्या मध्याकडे सरकलेले असते. बत्तीस शिराळ्याचा ज्यांना सापांमुळे अभिमान आहे, त्यांनी नागाच्या फण्याबरोबर ही गोष्टही पोराबाळांना सांगावी, असे मला फार वाटते.

मगर सरपटणाऱ्या प्राण्यांत मोडते, पण तिच्या हृदयाला पूर्ण चार कप्पे असतात आणि दोन निलयांमधली भिंत अखंड असते. वेगळेपण आहे ते बाहेर निघणाऱ्या वाहिन्यांत. आपल्या हृदयातून एकच महारोहिणी निघते, डाव्या निलयातून. मगरीच्या दोन असतात. उजवी महारोहिणी डाव्या निलयातून निघते आणि डोके, पुढचे पाय व बाकीच्या शरीराकडे जाते. डावी महारोहिणी मात्र उजव्या निलयातून, फुप्फुस रोहिणीच्या शेजारून, निघते आणि तिचे बरेचसे रक्त जठर व आतड्यांकडे जाते. या दोन महारोहिण्या हृदयातून बाहेर पडताच एकमेकींना चिकटून जातात आणि त्यांच्यामधल्या भिंतीत एक छिद्र असते. इटलीतल्या बार्तोलोमेओ पानित्सा यांनी १८३३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते पानित्साचे छिद्र म्हणून ओळखले जाते.

मगर काठावर हालचाल करत, नेहमीचा श्वास घेत असते, तेव्हा डाव्या निलयाचा दाब जास्त असतो. उजव्या महारोहिणीतले ताजे रक्त छिद्रातून डाव्या महारोहिणीत येते, त्याच्या दाबाने डाव्या महारोहिणीच्या मुळाशी असलेली झडप मिटून राहते, आणि उजव्या निलयातल्या रक्ताला फुप्फुसांकडे जाण्यावाचून वाट उरत नाही. म्हणजे अशा वेळी मगरीचे हृदय जवळजवळ आपल्यासारखे चालते. पाण्याखाली असताना चित्र बदलते. फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, उजव्या निलयातच, एकमेकांत बसणारे स्नायुमय दाते असतात, जसे दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात नाहीत. ते आवळले, की फुप्फुसांची वाट अरुंद होते, उजव्या निलयातला दाब वाढतो, डाव्या महारोहिणीची झडप उघडते आणि रक्त फुप्फुसांना वगळून पुन्हा शरीराकडे निघते. आपल्याकडे उसाला रात्री दारं धरणारा माणूस एका सरीचे तोंड चिखलाने बुजवतो आणि पाणी आपोआप शेजारच्या सरीत शिरते, तसेच हे आहे. पाट तोच, पाणी तेच, फक्त दार कुठे धरले, त्यावर ते कुठे जाणार, हे ठरते.

या व्यवस्थेचा उपयोग केवळ बुडीपुरता नसावा, असे दिसते. फुप्फुसांना वगळून आलेल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि जठरातले आम्ल तयार करायला तो कामी येतो. अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरांमध्ये ही वाट शस्त्रक्रियेने बंद केली, तेव्हा जठरातला आम्लाचा स्राव कमी झाल्याचे आढळले. भक्ष्याची हाडेही पचवणाऱ्या प्राण्याला हे आम्ल किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको. काठावर उन्हाला पडलेली मगर आळसावलेली दिसते; तिच्या पोटात त्या वेळी मोठे काम चाललेले असू शकते.

आता त्या मुलीचा भाऊ. त्याच्या दोन निलयांमधल्या भिंतीला छिद्र होते, आणि जन्मजात हृदयविकारांत हा प्रकार फार आढळतो. इथे सगळा प्रश्न रक्त कोणत्या दिशेने जाते, याचा आहे. मगरीची व्यवस्था उजवीकडचे रक्त डावीकडे, म्हणजे फुप्फुसांपासून दूर, वळवते, आणि तेही गरजेपुरते. बाळाच्या डाव्या निलयाचा दाब उजव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे दर ठोक्याला फुप्फुसांतून नुकतेच आलेले रक्त छिद्रातून उजवीकडे जाते आणि परत फुप्फुसांतच ढकलले जाते. फुप्फुसांवर रक्ताचा नको तेवढा भार पडतो. बाळ दूध पिता पिता दमते, घामाघूम होते, वजन वाढत नाही, छातीत पुन्हा पुन्हा कफ होतो. लहान छिद्रे पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतातही. मोठी छिद्रे बुजवावी लागतात. तशी ती वर्षानुवर्षे राहू दिली, तर फुप्फुसांच्या रोहिण्या जाड आणि कठीण होत जातात, उजवीकडचा दाब वाढत वाढत डावीकडच्याही वर जातो आणि प्रवाह उलटतो. तेव्हा अशुद्ध रक्त शरीरात जाऊ लागते, ओठ आणि नखे निळी पडतात, आणि त्या अवस्थेत छिद्र बुजवण्याची वेळही निघून गेलेली असते. मगर जो प्रवाह हवा तेव्हा उलटवते आणि हवा तेव्हा पूर्ववत करते, तो माणसात एकदा उलटला, की मागे वळत नाही. म्हणूनच २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची जी तपासणी होते, तिचे मोल मला फार वाटते. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर ऐकू येणारा एक जादाचा आवाज वेळेत ऐकला गेला, म्हणून तो मुलगा आज शाळेत जातो.

आणि तरीही उजवीकडचे रक्त फुप्फुसांना वगळून डावीकडे नेण्याची ही सोय माणसाला अनोळखी नाही. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे श्वासाच्या कामाची नसतात. ऑक्सिजन वारेतून येतो आणि उजव्या अलिंदात पोहोचतो. तिथून तो सरळ डाव्या अलिंदात जावा, म्हणून दोघांमधल्या भिंतीत एक वाट ठेवलेली असते, आणि फुप्फुस रोहिणीतून महारोहिणीत नेणारी आणखी एक आखूड वाहिनी असते. जन्मानंतर बाळ पहिला श्वास घेते, फुप्फुसे फुलतात, त्यांच्यातला दाब उतरतो, डाव्या अलिंदात रक्त भरभरून येऊ लागते आणि त्याच्या दाबाने त्या वाटेवरचा पडदा मिटतो. आखूड वाहिनी पुढच्या दोन-तीन दिवसांत आवळून बंद होते. बोकडाच्या हृदयात खिडकीकडे धरल्यावर जिथून उजेड येतो, तो अंडाकृती खळगा म्हणजे ही मिटलेली वाट. माणसांपैकी साधारण चौथ्या हिश्शात हा पडदा पुरता चिकटतही नाही आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. नऊ महिने आपण सगळेच फुप्फुसांना वगळणारे हृदय घेऊन वाढलेलो असतो.

चढती भाजणी आणखी एका ठिकाणी फसवते. पक्षी आणि सस्तन प्राणी दोघांच्याही हृदयाला चार कप्पे आहेत, म्हणून ते शेजारी मांडले जातात. पण ही चार कप्प्यांची हृदये वेगवेगळ्या पूर्वजांकडून स्वतंत्रपणे घडली आहेत. त्याची खूण महारोहिणीच्या कमानीत राहिली आहे. आपली महारोहिणी हृदयातून वर येऊन डावीकडे वळते. कोंबडीची उजवीकडे वळते, आणि मगरीच्या डाव्या निलयातून निघणारी महारोहिणीही उजवीकडेच वळते. नात्याने पाहिले, तर विट्याच्या पोल्ट्रीतली कोंबडी आपल्यापेक्षा कृष्णेतल्या मगरीला कितीतरी जवळची आहे.

हे मुलांनी वाचण्यापेक्षा पाहावे, म्हणून या वर्षीपासून बोकडाच्या हृदयाशेजारी कोंबडीचे हृदयही ट्रेमध्ये ठेवायचे मी ठरवले आहे. अडचण एवढीच आहे, की दुकानात हृदय काढताना वरच्या वाहिन्या मुळाशीच कापतात आणि कमान हाती लागत नाही. दुकानदाराला तसे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, सकाळी आठच्या आत या, गिऱ्हाईक कमी असतं. तुमच्यासमोर नळीसकट काढून देतो, कुठपर्यंत पाहिजे ते तुम्हीच दाखवा.”